केळीच्या खोलीतला बँड

धाकट्या दिरानं माझ्या बांगडीच्या पिना मागितल्या तेव्हा मला वाटलं, सदऱ्याचं बटण तुटलं असेल. आमच्याकडे बायकांच्या बांगडीला नेहमी दोन-तीन पिना अडकवलेल्या असतात. पदराला लागतात, पोराच्या झबल्याला लागतात, कधी पायातला काटा काढायला लागतात. मी एक काढून दिली.

"एक नाही वहिनी, सगळ्या द्या."

मी सगळ्या दिल्या. थोड्या वेळानं बघते तर त्यानं त्या सदऱ्याच्या छातीवर ओळीनं लावलेल्या, आणि सदरा कुठंच फाटलेला नव्हता.

"हे काय, भाऊ?"

"असंच असतं," तो म्हणाला आणि त्यानं मला एका कॅसेटच्या वेष्टणावरचं चित्र दाखवलं. चार गोरी पोरं भिंतीला टेकून उभी होती. केस असे ताठ, जसा काही विजेचा झटका बसला. कपडे फाटके आणि फाटक्यावर पिना. मला त्यांच्या आयांची दया आली. घरात एवढ्या पिना आहेत, म्हणजे सुईदोराही असेलच. दोन टाके घालायला कुणी नव्हतं का?

दिरानं सांगितलं की याला पंक रॉक म्हणतात. तो जळगावच्या कॉलेजात शिकत होता, त्यामुळे त्याला असल्या गोष्टी ठाऊक असत. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण तो मला कमी लेखायचा नाही, उलट जे घरात कुणी ऐकून घेत नसे ते मला येऊन सांगायचा. मी बोलत नसे ना, म्हणून त्याला वाटायचं मी ऐकते. आणि मी ऐकतही असे.

"याच्यात वहिनी, चांगलं वाजवता यायची गरजच नसते," तो म्हणाला. "फक्त जोरात आणि भरभर वाजवायचं. आणि कुणाला भ्यायचं नाही."

मी मनात म्हटलं, मग निम्मं शिक्षण तर झालंच आहे तुमचं.

ही नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. आमचं गाव भुसावळपासून जवळ, सगळीकडे केळीचे मळे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणे. त्यांचा मळा होता आणि केळीचा थोडा व्यापार होता. घड कच्चेच कापून वॅगनीत भरून वर उत्तरेकडे पाठवायचे, हे काम आबा आणि माझे मालक बघत. पूर्वी आबा बाजारासाठी घरीही केळी पिकवत. त्यासाठी घरामागं एक खोली होती. तिला खिडकी नाही. भिंती जाड मातीच्या, दार इतकं बुटकं की वाकूनच जावं लागे. आत कच्चे घड रचायचे, वरून पाला घालायचा, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी करायची आणि दाराच्या सगळ्या फटी शेणमातीनं लिंपून टाकायच्या. काही दिवसांनी दार फोडलं की हिरवं गेलेलं पिवळं होऊन निघायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती खोली रिकामी पडली होती.

त्या खोलीत दिराचा बँड बसला. ती खोली त्यांना फार सोयीची होती. आवाज बाहेर जात नसे, आणि तिचं दार गल्लीत उघडत असे, त्यामुळे आत कोण येतं, कोण जातं याची घरात चौकशी नव्हती. बँडात तिघं. दीर गायचा, म्हणजे ओरडायचा. दुसरा भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, त्याचे वडील इंजिन चालवत. कॅसेट त्याच्याच मामानं आणलेली, आणि कॉलनीतल्या कुणीतरी गाव सोडताना टाकून दिलेली विजेची गिटार त्यानंच मिळवली होती. तिसरा आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवणारा. त्याला खरंच वाजवता येत होतं. चांगलं वाजवता येऊ नये असा नियम असेल, तर तो त्या बँडात शोभत नव्हता. पण त्याच्याशिवाय बँड उभाच राहत नव्हता. त्यानं एका लग्नाच्या बँडकडून जुना ढोल आणला, त्याच्या बाजूला तेलाचे दोन रिकामे डबे बांधले आणि वर झांजेऐवजी एक पितळी परात टांगली. परात आमची होती. ती कुठं गेली हे सासूबाई बरेच दिवस शोधत होत्या.

गिटारला लागणारा आवाज मंडपवाल्याच्या जुन्या मशिनीतून आणि भोंग्यातून यायचा. मळ्यातल्या मोटारीला लाईन, म्हणजे वीज, असेल तेव्हाच बँडाला लाईन. त्यामुळे मळ्यात पाणी सुरू झालं की खोलीत गाणं सुरू व्हायचं.

खोलीत वर्षानुवर्षं धूर कोंडलेला. आत तासभर बसलं की माणूस केळीसारखा पिकून बाहेर यायचा, डोळे लाल आणि अंगाला गोवरीचा वास. भिंतीला, खांबाला केळीचा चीक वाळून बसलेला होता. घामानं तो सुटायचा आणि सदऱ्यांना लागायचा. केळीच्या चिकाचा डाग पडला की काळा पडतो आणि कपडा फाटला तरी जात नाही. तिघांचे सगळे सदरे असे झाले. दिराला फार आनंद झाला. चित्रातल्या पोरांना एवढं जमलं नव्हतं, म्हणे. गावात त्यांना 'धुरीवाले' म्हणू लागले, आणि तेच त्यांच्या बँडाचं नाव झालं.

मी त्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून गहू निवडायला बसायची. भिंत अंगाला धडधडायची. गाणं इतकं लहान असायचं की सुपातले खडे निघायच्या आत संपायचं. मला ते आवडलं. आमच्या भजनी मंडळाचं एक भजन संपेपर्यंत चुलीवरची कढी उतू जाते.

माझं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरजवळचं. जिल्हा शेजारचा, पण बोली निराळी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी चुलीपाशी म्हटलं, "दूध उतू जाई राहिनं शे." 'आहे'च्या जागी माझं 'शे' ऐकून सगळ्या बायका हसल्या. वाईट हेतूनं नाही, पण हसल्या. मग रोज कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "काय शे गं? कुठं शे गं?" मी मुळातच लाजरी. मी बोलणंच कमी केलं, आणि कमी करता करता ते राहिलंच. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. पाहुणे आले की त्या ओळख करून द्यायच्या, "ही मोठी सून. मुकीच आहे म्हणा ना!" मला त्याचंही फारसं वाईट वाटत नसे. मुक्या माणसाला कुणी काम सांगून वर गप्पा मारत बसत नाही.

बँडाचा पहिला कार्यक्रम जळगावला झाला, कॉलेजच्या संमेलनात. मी गेले नव्हते. तिघं परत आले आणि अंगणात भाकरी खायला बसले तेव्हा कळलं.

"पहिलं गाणं संपलं तेव्हा लोकांना वाटलं माईक तपासू राह्यले," रेल्वेवाला सांगत होता. "दुसरं संपलं तरी तसंच वाटलं. तिसऱ्याला त्यांना कळलं."

"मग?"

"मग सालं फेकली. जळगावात केळीला काय तोटा!"

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "शेवटपर्यंत कोण बसून राह्यलं?"

"एक शिपाई होता आबा," रेल्वेवाला खरं बोलून गेला. "त्याला खुर्च्या गोळा करायच्या होत्या."

आबा हसले नाहीत. त्यांना खोली परत हवी होती. भुसावळच्या बाजारात पिकल्या केळीला मागणी होती आणि ते पुन्हा धुरी द्यायचं मनात धरून होते. ते म्हणाले, "पोरीचं लग्न महिन्यावर आलं. तुमचं ते लग्नात वाजवा. पंगतीला. पंगत बसल्यापासून उठेपर्यंत एकही पाहुणा ताटावरून उठला नाही, तर खोली तुमची. एक जरी उठला, तर दुसऱ्या दिवशी घड आत आणि तुम्ही बाहेर."

पोरगी म्हणजे माझी नणंद. दिराला वाटलं, आबा हरले. जेवत्या ताटावरून कोण उठतं? ताशेवाल्याला मात्र काळजी वाटली. "आपलं ऐकून बैल दावं तोडतो," तो म्हणाला. "माणूस तर मोकळाच बसलेला राह्यतो."

अडचण शब्दांची होती. कॅसेटवरची इंग्रजी गाणी दिरालाच कळत नव्हती, पंगतीला काय कळणार? मग त्यानं स्वतः मराठीत रचायला घेतलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो म्हणून दाखवत होता. त्यात रक्त होतं, ज्वाला होती, तुतारी होती आणि तीन वेळा क्रांती होती. रेल्वेवाला गिटारच्या तारा पुसत बसला होता. ताशेवाल्यानं काठ्या खाली ठेवून दिल्या होत्या.

मला राहवलं नाही. त्या खोलीत अंधार असायचा, म्हणून मला जरा धीर यायचा. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही कुणावर रागावलात?"

"सगळ्यांवर, वहिनी. समाजावर."

"समाज पंगतीला येणार आहे?"

"नाही."

"मग जो येणार आहे त्याच्यावर रागवा. व्याही येणार आहे."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. आता बोललेच होते म्हणून मी पुढचंही बोलून टाकलं. माझ्या माहेरी लग्नात पंगत बसली की एका बाजूच्या बायका दुसऱ्या बाजूला गाण्यातून टोमणे मारतात. व्याह्याचं नाक, विहिणीची चाल, वऱ्हाड्यांची भूक, काही सोडत नाहीत. समोरच्यानं रागवायचं नाही, हसायचं, आणि त्यांच्या बायकांनी त्याहून मोठा टोमणा परत करायचा. मी मुकी खरी, पण बायकांच्या घोळक्यात, डोक्यावर पदर ओढून, कुठला आवाज कुणाचा हे कळत नाही तिथं मी चांगली म्हणायची. नवे टोमणे मला आपोआप सुचायचे. माहेरी मावश्या मला कोपरानं ढोसायच्या आणि म्हणायच्या, सोड आता एक.

"सोडा ना मग एक," दीर म्हणाला.

नणंदेचं सासर धुळ्याकडचंच, आणि व्याह्यांना सुपारीच्या दिवशी मी पाहिलं होतं. मिशी अशी की आधी ती दारातून आत यायची, मग ते. व्याह्याला माझ्या माहेरी याही म्हणतात. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं:

"याहीनी मिशी मोठी शे,
अक्कल तेनी छोटी शे!"

खोलीत कुणी हसलं नाही. मला वाटलं, चुकलं. पण ताशेवाल्यानं काठ्या उचलल्या होत्या. तो डब्यावर हळूच तीच ओळ वाजवून बघत होता.

"अक्का, परत म्हना," तो म्हणाला.

शे म्हटल्यावर कुणी परत म्हणा म्हणाल्याचं त्या गावात मला तोवर आठवत नव्हतं. मी परत म्हटलं. मग आणखी एक म्हटलं, त्यातलं बठ्ठं म्हणजे सगळं:

"बठ्ठं वरन पी गया,
ताट बी चाटी गया!"

यावर रेल्वेवाल्यानं गिटार अशी ओरबाडली की आढ्यावरची माती पडली. गाणं झालं. लहान, भरभर आणि कुणाला न भिणारं. दीर म्हणाला, "वहिनी, हेच तर पंक!" मी म्हटलं, हे पंक असेल तर माझ्या मावश्या फार जुन्या पंक आहेत. पण हे मोठ्यानं म्हटलं नाही. मी एवढीच अट घातली की शब्द माझे आहेत हे कुणाला सांगायचं नाही. तिघांनी ढोलावर हात ठेवून शपथ घेतली.

महिनाभर मी रोज त्या खोलीत चहा नेला. एवढा चहा त्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता. आता आबांची अट माझीही झाली होती. त्या खोलीत घड आले तर माझ्या बोलीला बसायला जागाच उरणार नव्हती. रोज संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावताना म्हणायची, बाबा रे, कुणी ताटावरून उठू नको.

लग्न उन्हाळ्यातलं, मंडप आमच्याच दारात. अक्षता पडल्या आणि पंगत बसली. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. व्याही मधोमध, शेजारी त्यांची सगळी भावकी. विहीण बायकांच्या पंगतीत. ओट्याच्या एका टोकाला ढोल, डबे, परात आणि भोंगा. परात बघून आत्यांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी तूप मागितलं. तिघांनी चिकाचे डाग पडलेले सदरे घातले होते आणि त्यावर माझ्या पिना. दिरानं केसांना साबण लावून ते उभे केले होते. व्याह्यांच्या शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "बिचाऱ्यानं तेल नाही लावलं का?"

पहिल्या ठोक्याला लोक दचकले, पण उठले नाहीत. मंडपात कावळे बसले होते ते उडाले, ते पाहुण्यांत धरायचे नव्हते. मी बायकांच्या मागं खांबाला धरून उभी होते. मग दीर माईकला तोंड लावून ओरडला:

"याहीनी मिशी मोठी शे!"

व्याह्यांचा हात बट्टीवर थांबला.

"अक्कल तेनी छोटी शे!"

व्याही उठले.

ते उठले तसे त्यांचे दोन भाऊ उठले, मग म्हातारा उठला, मग पंगतीची ती सगळी ओळ उठली. ताशेवाल्याच्या हातातली काठी हवेतच राहिली. गिटार थोडा वेळ एकटीच कुरकुरली आणि गप्प झाली.

"हाऊ पोऱ्या माले शिव्या देस!" व्याही म्हणाले. मिशी थरथरत होती.

आणि तेव्हा मला कळलं की आमच्या धुळ्याकडे एक नियम आहे. तो मला आधी ठाऊक नव्हता, कारण तो कधी कुणी मोडलाच नव्हता. हे टोमणे बाईनं म्हणायचे असतात. बाईनं म्हटलं तर ते गाणं. तेच शब्द गड्यानं म्हटले की शिवी. आम्ही महिनाभर ताल बसवला, भोंगा दुरुस्त केला, साबण आणला, पण गाणाऱ्यालाही मिशी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आबा हात जोडत पुढं गेले. माझे मालक तुपाचं भांडं घेऊन नुसतेच उभे राहिले. नवरी मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. नंतर कळलं, हसत होती.

आत्यांनी दिराला विचारलं, "हे कुठून आणलंस रे? कोणी शिकवलं?"

दिरानं शपथ घेतली होती. तो वर मंडपाच्या कापडाकडे बघत राहिला. ताशेवाला ढोलाकडे बघत राहिला. रेल्वेवाल्याला खोटं जमत नसे, म्हणून त्यानं डोळेच मिटून घेतले.

मग विहीण बोलली. ती पंगतीतून हात न धुताच पुढं आली होती. "या बोल तं आमना बाजूना शेतस," ती म्हणाली आणि मंडपातल्या बायकांत आपल्याकडचं कुणी दिसतं का ते बघू लागली. "आठे आमनं कोन शे?"

आत्या हळूच मागं वळल्या. सगळ्या बायकांवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी पदर इतका ओढला की मला माझेच पाय दिसेनात.

"मुके," आत्या म्हणाल्या, "तुझं काम ना हे?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

"मग तूच म्हण. आत्ताच्या आत्ता. बट्ट्या गार होऊ राह्यल्या."

बट्ट्या गार होत होत्या हे खरंच होतं. व्याही उभे होते, आबा हात जोडून होते, आणि उद्या त्या खोलीत घड रचले जाणार होते. दीर माईक घेऊन आला. त्याची तार पुरेना, म्हणून रेल्वेवाल्यानं भोंगाच उचलून जवळ आणला. मी खांबाच्या मागं गेले, पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. अंधार झाला. केळीच्या खोलीत होता तसाच.

मी म्हटलं, "याहीनी मिशी मोठी शे."

आवाज भोंग्यातून बाहेर पडला आणि मला वाटलं हा दुसऱ्याच कुणाचा आहे. एवढा मोठा आवाज माझ्यात कुठं ठेवलेला होता? ताशेवाल्यानं वाट बघितली नाही, काठी घातली. मग मी बाकीचं म्हटलं, भरभर, श्वास न घेता. अक्कल म्हटली, वरण म्हटलं, ताट चाटलेलं म्हटलं. तिघं मागून फक्त "हो! हो!" ओरडत होते.

गाणं संपलं. मी पदराच्या फटीतून बघितलं. व्याह्यांची मिशी आधी एका बाजूनं हलली, मग दुसऱ्या.

"बाईनी म्हनं," ते म्हणाले, "मंग बरोबर शे." आणि खाली बसले. त्यांची भावकी बसली. म्हातारा सगळ्यांत शेवटी बसला, कारण त्याच्या पाटावर मांजर बसलं होतं.

पण विहीण बसली नाही. ती तशीच उष्ट्या हातानं माझ्यापर्यंत आली, तिनं माझ्या हातातून माईक घेतला आणि ताशेवाल्याला मानेनं खुणावलं. त्यानं धरला ठेका.

"मुकी म्हनतस जिले,
भोंगा कसाले तिले?"

मंडप फुटला. आमच्या बाजूचीही माणसं हसली, आत्या तर डोळे पुसायला लागल्या. माझी जीभ आपोआप वळली. मी माईक परत घेतला.

"मुकीले तोंड फुटनं,
याहीननं पोट दुखनं!"

मग काय. त्यांच्या बायका उठून आल्या, आमच्या आल्या. आमच्या भुसावळकडच्या बायकांना त्यांच्या बोलीतले टोमणे येत होते, ते निघाले. माईक हातोहात फिरू लागला. पुरुषांना बट्टी वाढायला कुणी उरलं नाही, त्यांनी आपापली वाढून घेतली. तिघं वाजवत राहिले, सदऱ्यातून घाम गळत राहिला आणि कुणालाही वाटलं नाही की माईक तपासू राह्यले. त्या बँडाचा एवढा चांगला कार्यक्रम पुन्हा झाला नाही, असं ताशेवाला आजही म्हणतो.

पुढं वर्ष-दोन वर्षं त्यांना सुपाऱ्या मिळत गेल्या. भुसावळ, जळगाव, साक्रीपर्यंत. व्याह्यांनीच गावोगाव सांगितलं. ज्या लग्नाला जायचे तिथल्या बायकांच्या हातात माईक द्यायचा आणि मागून आपण दणकवायचं, असा त्यांचा रिवाज झाला. दीर गाणारा होता, त्याचं काम "हो! हो!" एवढंच उरलं. तो म्हणायचा, जगातला पहिला पंक बँड असेल ज्याच्या गाणाऱ्याला गायची बंदी आहे. मग रेल्वेवाला रेल्वेत लागला, ताशेवाला धुळ्याला शाळेत मास्तर झाला आणि दीर आबांच्या जागी वॅगनी भरायला लागला. ढोलाचं कातडं उंदरांनी खाल्लं. परात आत्यांना त्याच दिवशी परत मिळाली होती. तिला पडलेले पोचे बघून त्या पाहुण्यांना सांगायच्या, हे आमच्या मुकीच्या लग्नातले. त्यांना नणंदेचं लग्न म्हणायचं असे. पण मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी पंगत उठल्यावर मात्र आबांचा हिशोब बाकी होता. मंडपाखाली पान खात ते दिराला म्हणाले, "उठला होता. मी बघितलं. ताटावरून उठला होता."

खोली गेली, हे दिराच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

व्याही शेजारीच बसले होते. त्यांनी मिशीला पीळ दिला. "कोन उठनं? मी?" ते म्हणाले. "मी तं तूप कोठे शे, ते देखत व्हतू."

"तुमचे भाऊ पण उठले."

"तूप दूर व्हतं," व्याही म्हणाले.

आबा पेचात पडले. व्याह्याला खोटं पाडता येत नव्हतं, आणि डोळ्यांनी बघितलेलं गिळताही येत नव्हतं. मग त्यांनी कंबरेच्या जुडग्यातून त्या खोलीची चावी काढली. दिरानं हात पुढं केला. आबांनी ती त्याला दिली नाही. मी तांब्या-भांडं घेऊन पलीकडून चालले होते, मला थांबवलं आणि चावी माझ्या भांड्यात टाकली.

"निम्मं केळीचं, निम्मं यांचं," आबा म्हणाले. "कधी काय, ते ही ठरवील. मला कुणी विचारायला यायचं नाही."

मी चावी पिनेत अडकवून बांगडीला लावली. एक पिन दिराच्या सदऱ्यावरून परत घ्यावी लागली.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मळ्यातून घड आणून अंगणात उतरवले, हिरवेगार. मोटारीला लाईन आली. लगेच तिघं गल्लीतून आले, रेल्वेवाल्याच्या पाठीवर गिटार. दीर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत्या चुलीपाशी होत्या, शेजारच्या दोघी ताक मागायला आलेल्या होत्या.

"वहिनी," तो म्हणाला, "आज?"

मी अंगणातल्या घडांकडे बघितलं. लगेच आत ठेवायला हवे होते, नाहीतर ऊन लागून करपले असते.

"आज केळी शेतस," मी म्हटलं.

शेजारच्या दोघी हसल्या. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि पळीनं ताक ढवळत म्हणाल्या, "शेतस म्हणजे शेतस. तुम्हाला नाही कळलं?"

दिरानं तोंड पाडलं आणि घड उचलायला गेला.